दोन कंपन्या, एकच खड्डा

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. विषय नेटचा आहे, पण शेवटी आपल्या रस्त्यांवर आणि रेशनच्या रांगेवर येणार आहे. त्यामुळे 'हे कॉम्प्युटरवाल्यांचं' म्हणून सोडून देऊ नका.

मे महिन्यातली गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर भिवंडीत जिकडेतिकडे खोदकाम निघतं, तसं निघालेलं. पावणेबाराच्या सुमाराला माझ्या ऑफिसचं नेट गेलं. ऑफिस म्हणजे एक गाळा, दोन टेबलं आणि एक पंखा. पण बातमी वेळेत गेली पाहिजे म्हणून मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली होती. एक पडलं तर दुसरं चालेल, हा साधा हिशोब. दर महिन्याला दोन बिलं भरत होतो. त्या दिवशी दोन्ही एकाच मिनिटाला गेली. मोबाईलवर रेंजच्या काड्या फुल, पण चक्र फिरतंय ते फिरतंयच.

खाली उतरलो तर सगळ्यांची तीच रड. मेडिकलवाला म्हणे पेमेंट जात नाही. गोदामाकडे निघालेला एक टेम्पोवाला कडेला गाडी लावून बसलेला, कारण ई-वे बिल निघेना. पन्नास हजारांच्या वरचा माल परराज्यात पाठवायचा तर त्या कागदाशिवाय गाडी गेटबाहेर काढायला कोण धजणार?

पुढे रेशनच्या दुकानासमोर रांग. अंगठ्याचं मशीन नुसतं गोल गोल दाखवतंय. रांगेत पद्मानगरकडच्या एक मावशी होत्या. घरी कांड्या भरतात, किलोवर पैसे मिळतात. मला ओळखतात म्हणून म्हणाल्या, "भाऊ, काल पण सर्वर डाऊन, आज पण तेच. दोन दिवसाचं काम बुडालं. तांदूळ किती रुपयाचा मिळणार, आणि बुडाले किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौकशी करत करत नाक्यावरच्या खड्ड्यापाशी पोचलो. तिथे केबल जोडणारा एक पोरगा एका छोट्या मशीनवर डोळे लावून बसलेला. त्याने जे सांगितलं त्यावरून ही पोस्ट लिहितोय.

त्या मशीनला ओटीडीआर म्हणतात. काम सोपं आहे. काचेच्या तारेत प्रकाशाचा एक ठोका सोडायचा आणि त्याची परतफेड मोजायची. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. तार जिथे तुटली तिथून प्रकाश परतला की मशीन अंतर सांगतं. त्या पोराच्या मशीनने पाच मिनिटांत सांगितलं होतं की तार कुठे तुटली आहे. साडेबारालाच त्याला जागा माहीत होती.

नेट आलं पावणेसातला.

मधले सहा तास कशात गेले? ज्या जेसीबीने तार तोडली तो खड्डा बुजवून पुढच्या कामावर निघून गेला होता. सुपरवायझरचा फोन बंद. बुजवलेला खड्डा पुन्हा उकरायला परवानगी कोणाकडून घ्यायची ते कुणालाच ठाऊक नाही. आणि उकरल्यावर दिसलं की एकाच नळीत तीन-चार जणांच्या तारा आहेत, आपली कुठली ते प्रत्येकाने येऊन ओळखायचं. मी त्याला विचारलं, अरे माझ्या दोन कंपन्या आहेत, दोन्ही कशा गेल्या? तो हसून म्हणाला, "साहेब, कंपन्या दोन. खड्डा एकच."

आता थोडं तांत्रिक. सोपं करून सांगतो, कारण पुढचा मुद्दा याच्यावरच उभा आहे.

तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता तेव्हा त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रं असतात, म्हणजे रस्त्यावरचे नाके समजा. एका नाक्याला पूर्ण प्रवास सांभाळायचा नसतो. त्याच्याकडे एक तक्ता असतो, की अमुक पत्त्याचं पॅकेट आलं तर अमुक दिशेच्या नाक्याकडे ढकलायचं. पुढचं पुढचा बघेल. वर बसून सगळ्यांना हुकूम देणारा साहेब कुणी नाही.

मग रस्ता बंद पडला तर? इथेच खरी गंमत आहे. शेजारशेजारचे राउटर एकमेकांना सतत 'आहेस का?' असं विचारत असतात. या संदेशाचं नावच 'हॅलो' आहे. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत साधारणपणे दर दहा सेकंदांनी हॅलो जातो. चाळीस सेकंद शेजाऱ्याकडून आवाज आला नाही तर तो गेला असं धरायचं, ही बातमी सगळ्यांना कळवायची, आणि प्रत्येकाने आपापला तक्ता नव्याने मांडायचा. मोठ्या कंपन्यांना चाळीस सेकंदही फार वाटतात. ते अशी व्यवस्था बसवतात की सेकंदाच्या काही भागातच शेजारी गेल्याचं कळतं.

नवा जवळचा रस्ता शोधायचं जे गणित त्यात आहे ते एड्सगर डाइक्स्ट्रा या डच माणसाने १९५६ साली मांडलं. ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेत कॉफी पिताना, वीसेक मिनिटांत सुचलं असं त्यांनीच पुढे सांगितलं होतं. ते आज जगभरच्या राउटरमध्ये चालतं.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. नेटवर्क कुणाच्या तक्रारीची वाट बघत नाही. तिथे गप्प बसणं हीच तक्रार समजली जाते.

आपल्याकडे उलटं आहे. आपल्याकडे गप्प बसणाऱ्याचं सगळं ठीक चाललंय असं धरतात. त्या मावशींचं नाव दोन दिवस कुठल्याही तक्रारवहीत नव्हतं. त्यात भर म्हणजे नेट बंद असल्याची तक्रार करायला ॲप आहे, आणि ॲप चालायला नेट लागतं!

हे हसण्यावारी नेऊ नका, मोठमोठे यात फसलेत. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री नऊच्या पुढे फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जगभर बंद पडलं होतं, आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं आतलं जाळंच तुटलं. चुकीची आज्ञा अडवणारी व्यवस्था होती, तिच्यातही दोष निघाला. मग पत्ते सांगणाऱ्या यंत्रांना डेटा सेंटर दिसेना, म्हणून त्यांनी 'आपणच आजारी आहोत' असं धरून बाहेरच्या जगाला आपला रस्ता सांगणं बंद केलं. दुरुस्तीला लागणारी त्यांची नेहमीची साधनंही त्याच जाळ्यावर होती. सगळं पूर्वपदावर यायला सहा तासांच्या आसपास गेले. बिघाड सांगणारी आणि दुरुस्त करणारी वाट बिघडणाऱ्या वाटेपासून वेगळी पाहिजे, हे त्या रात्री कळलं.

भिवंडीकरांना खरं तर हे शिकवायची गरज नाही. आपला साधा माग बघा. धोटा इकडून तिकडे जातो, बाणा टाकतो. बाण्याचा धागा तुटला तर कडेला असलेला छोटा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. कारीगराने ओरडायची गरज नाही. पण जुन्या मागावर ताण्यातला एखादा धागा तुटला तर माग थांबत नाही. खटखट चालूच राहते, कापडात मात्र लांबच्या लांब रेघ पडत जाते. कारीगराची नजर जाईपर्यंत मीटर न् मीटर माल खराब.

नेटवर्कमध्येही हे दोन प्रकार आहेत. तार साफ तुटली तर लगेच कळतं. पण अर्धवट बिघाड, म्हणजे हॅलो जातोय, लाईट हिरवा आहे, पण मोठा डेटा गळतोय, हा पकडायला सगळ्यात अवघड. मोबाईलवर काड्या फुल आणि चक्र फिरतंय, हा त्यातलाच नमुना. टॉवर जिवंत असतो, पण बहुतेक वेळा तो टॉवरही खालच्या त्याच तारेवर अवलंबून असतो. रेशनचं 'सर्वर डाऊन' हेही बरेचदा असंच असतं. यंत्रणेच्या कागदावर दुकान चालू. रांगेत मात्र रेघ पडत चाललेली.

आता दुसरा मुद्दा, रस्त्यांचा.

बिघाड कितीही लवकर कळू दे, दुसरी वाटच नसेल तर राउटर काय करणार? १९६४ साली पॉल बॅरन या अमेरिकन इंजिनिअरने हाच प्रश्न घेतला होता. अणुहल्ला झाला तरी संदेश पोचला पाहिजे, तर जाळं कसं विणावं? त्याचं उत्तर असं की मधोमध एक मोठं केंद्र ठेवू नका. प्रत्येक गाठीला तीन-चार शेजाऱ्यांशी जोडा, मग बऱ्याच गाठी उडाल्या तरी उरलेल्या एकमेकींशी बोलत राहतील. आजच्या इंटरनेटमागे जे विचार आहेत त्यातला हा एक.

पण कागदावर दोन वाटा असणं आणि खरोखर दोन असणं यात फरक आहे. हा फरक भिवंडीतल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. ठाण्याला जायचे दोन रस्ते. एक अंजूरफाट्यावरून काल्हेर, कशेळी करत बाळकुमला. दुसरा माणकोलीवरून खारेगावमार्गे हायवेने. नकाशावर दोन रस्ते छान वेगळे दिसतात. पण एक कापूरबावडीला निघतो, दुसरा माजिवड्याला, आणि ही दोन्ही नाकी एकमेकांना चिकटून. तिथे कोंडी झाली की दोन्ही वाटा तुंबल्या. खरी वेगळी वाट म्हणजे माणकोलीहून मोठागावच्या पुलावरून डोंबिवलीला उतरणं, नाहीतर कोनगावहून दुर्गाडीमार्गे कल्याण. लांब पडेल, पण वेगळी आहे.

समुद्राखालच्या केबलींचंही हेच. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली पाठोपाठ तुटल्या, आणि भारताची बाहेर जाणारी क्षमता निम्म्याच्या आसपास गेली असं त्या वेळी सांगितलं गेलं. ६ सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तेच. सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी अशा दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईला येतात. नावं वेगळी, पण समुद्राची अरुंद पट्टी तीच. राउटरांनी आपलं काम केलं, डेटा लांबच्या वाटांनी वळवला, म्हणून नेट मंदावलं पण गेलं नाही. कारण तिसरी, चौथी वाट होती.

आपल्या नाक्यावर तीही नव्हती.

म्हणजे बघा, जेद्दाजवळ समुद्रात केबल तुटली तर भिवंडीचं नेट चालतं, आणि आपल्या नाक्यावर जेसीबीचा एक दात लागला तर अर्धं शहर सहा-सात तास आडवं होतं. पाच मिनिटांत जागा दाखवणारं मशीन आपल्या पोरांकडे आहे. अडलं ते त्यानंतर, आणि त्याच्या आधी. खोदण्याआधी कुणी विचारलं नाही, खोदल्यावर कुणी सांगितलं नाही, आणि दुसरी वाट कुणी ठेवली नव्हती.

'खोदण्याआधी विचारा' ही व्यवस्था नाही असं समजू नका. २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा टाकायची, तिथे ज्यांच्या तारा-पाइप असतील त्यांना निरोप जातो, ते येऊन दाखवतात. असं बेफाम खोदकाम करून देशात वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. मी आजवर शहरातल्या जितक्या जेसीबीवाल्यांना या ॲपबद्दल विचारलं, त्यातल्या एकानेही नाव ऐकलेलं नव्हतं.

नुकसानभरपाईचं बोलाल तर तेही सांगतो. 'ट्राय'चे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आले. मोबाईल सेवा अख्ख्या जिल्ह्यात २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ. चांगला नियम आहे. पण आपला सहा-सात तासांचा बिघाड, तोही एका शहरातला, त्यात कुठे बसतो? ठाणे जिल्ह्याच्या कागदावर त्या दिवशी काहीच घडलं नाही. ताण्याचा एक धागा तुटला, माग चालू होता.

आता कुणी म्हणेल, दुसरी वाट टाकायला पैसे लागतात. बरोबर आहे. प्रत्येक घराला दोन वाटा द्या असं मी म्हणतच नाही. माझं रात्रीचं यूट्यूब दोन तास बंद राहिलं तर काही बिघडत नाही. पण सरकारी दवाखाना, पोलीस ठाणी, बँका आणि रेशनची दुकानं एवढ्या जागा तरी वेगळ्या ठेवा. कुणी असंही म्हणेल की केबलवालेच परवानगी न घेता खांबाखांबावरून जाळी टाकतात, मग तुटल्यावर रडतात कशाला? हेही खरं आहे. तारेचा नकाशा द्यायला त्यांना नको असतं, कारण स्पर्धकाला कळेल. पण नकाशा लपवून ठेवायचा आणि जेसीबीला दोष द्यायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

म्हणून माझ्या साध्या चार मागण्या आहेत.

एक. भिवंडी-निजामपूर महापालिकेने खोदकामाच्या प्रत्येक परवानगीत 'कॉल बिफोर यू डिग'वर नोंद केल्याशिवाय काम सुरू होणार नाही अशी अट घालावी. स्वतःच्या ठेकेदारांनाही. आणि खड्ड्याच्या जागी बोर्ड लावावा, त्यावर रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर असावा.

दोन. तार तुटली तर बुजवलेला खड्डा त्याच तासाला उकरायची परवानगी देणारा एक अधिकारी ठरवावा. नाव आणि नंबर जाहीर असावा.

तीन. दवाखाने आणि रेशन दुकानांना जोडणी देताना दोन कंपन्या आहेत का ते विचारू नये, दोन नळ्या वेगळ्या रस्त्यांनी येतात का ते नकाशावर बघावं. आणि रेशनचं मशीन ठरावीक वेळ बंद राहिलं तर वहीवर नोंद करून धान्य द्यायची मुभा दुकानदाराला लेखी हवी. माणसाला परत पाठवणं हा शेवटचा पर्याय असावा.

चार. मशीन गप्प बसलं की तहसील कार्यालयातल्या पडद्यावर आपोआप दिसलं पाहिजे. राउटर चाळीस सेकंदात जे ओळखतो ते आपल्या पुरवठा विभागाला चाळीस मिनिटांत तरी कळावं.

यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. पैसे लागतील ते तिसऱ्या मागणीला. बाकी तीन तर नुसत्या इच्छेच्या आहेत.

मी माझ्यापुरतं एक केलं. दोनपैकी एक कनेक्शन बंद केलं. नवीन घेताना कंपनीचं नाव नंतर विचारलं, आधी विचारलं, "तुमची वायर कुठल्या रस्त्याने येते?" दोघांना सांगताच आलं नाही. तिसऱ्याने माणूस पाठवून दाखवलं, पलीकडच्या गल्लीतून येते. त्याचं घेतलं. महिन्याला शंभर रुपये जास्त जातात.

मावशींना तांदूळ तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यांच्याकडे दुसरं दुकान, दुसरी वाट निवडायला शंभर रुपये नाहीत. त्यांची वाट आपल्यालाच मागायची आहे.

एक काम करा. तुमच्या भागात या महिन्यात कुठे खोदलं, आणि त्याच दिवशी नेट किती वाजता गेलं, किती वाजता आलं, एवढं खाली लिहा. रस्त्याचं नाव आणि वेळ, बाकी काही नको. महिनाअखेरीस ती यादी घेऊन मी स्वतः महापालिकेत आणि तहसीलला जाणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथेच कळवतो.